8,760 तास

नमस्कार. आजच्या पत्रिकेवर 'वर्षभर घरातली वीज कशी वाचवायची' असा विषय छापलाय, आणि एकेक ऋतू घेऊन बोलायचं मी कबूल केलंय. ते करणारच आहे. त्याआधी एक आकडा लिहून घ्या: 8,760. वर्षात इतके तास असतात. एक वॅट, फक्त एक वॅट ओढणारी वस्तू वर्षभर अखंड चालू राहिली, तर पावणेनऊ युनिटं जातात (हजार वॅट एक तास चालले की एक युनिट). माझं सगळं म्हणणं या गुणाकारात आहे.

आपण दिव्यांच्या मागे लागतो, कारण दिवा दिसतो. मुलांना ओरडतो, 'खोलीतला दिवा कोण घालवणार?' तो घालवलाच पाहिजे. पण 9 वॅटचा एलईडी दिवा एक तास विसरला तर युनिटाचा शंभरावा हिस्साही जात नाही. आणि ज्याला बटणच नाही, ते?

एका रात्री मी घरातलं सगळं बंद केलं. दिवे, पंखे, फ्रिजसुद्धा. बॅटरी घेऊन मीटरपाशी गेलो, तर त्याचा लाल दिवा लुकलुकतोच आहे! माझ्या मीटरवर एका युनिटाला 3200 लुकलुक, असं छापलंय. घड्याळ लावलं. दर 20 सेकंदांनी एक. म्हणजे 56 वॅट. घर झोपलेलं, आणि 56 वॅट चालू.

आई म्हणाली, "अरे, टीव्ही बंदच आहे. रिमोटनं केला मी."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. रिमोटवर 'बंद' लिहिलेलं असतं, माणूस त्यावर विश्वास ठेवणारच. पण टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सला हात लावला तर तो चांगला कोमट! त्याचा प्लग काढला, पुन्हा मीटरपाशी. आता 28 सेकंद. 16 वॅट एकट्या त्या डबीचे. मग संगणकाचे स्पीकर, प्रिंटर. 45 सेकंद. उरलेले 25 वॅट राउटर आणि इन्व्हर्टरचे, ते राहू दिले. रात्री साडेबारापर्यंत आम्ही मायलेक आत-बाहेर करत होतो. ती प्लग काढायची, मी सेकंद मोजायचो. हिशेब केला: 31 वॅट वाचले, गुणिले 8,760. वर्षाला 270 युनिटं, आणि त्याबदल्यात आम्हाला एका क्षणाचाही उजेड किंवा वारा मिळत नव्हता. मला राग याचा येतो. यंत्र बंद म्हणजे बंद, इतकं साधं वचन बनवणाऱ्यानं पाळायला नको का?

मोबाइलच्या चार्जरबद्दल नेहमी विचारतात. फोन न लावलेला आजकालचा चांगला चार्जर अर्ध्या वॅटपेक्षाही कमी ओढतो. त्याच्यावरून घरात भांडू नका.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर ऋतू.

थंडीत गीझर. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते. तेवढ्यात 9 वॅटचा दिवा दोन दिवसांहून अधिक जळेल. म्हणून लागेल तेवढंच पाणी, लागेल तितकंच गरम, आणि टाकीचा गीझर आंघोळी झाल्या की बंद. साठवलेलं पाणी निवत राहतं, तो पुन्हा तापवत राहतो.

उकाड्यात ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा अडवतो, पण तोवर उष्णता खोलीत आलेली असते. एसी चालवाल तेव्हा तापमान दोन अंश वर ठेवून पंखा लावा, एसीची जाळी धुवा. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. रिकाम्या खोलीत त्याला कुणाचा घाम सुकवायचाय? जुना पंखा साधारण 75 वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा 30च्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नंतर.

फ्रिजला ऋतू नाही. दारात कागदाचा कपटा धरून दार लावा. कपटा सहज निघून आला तर रबर बदला. मागच्या जाळीवरची धूळ झाडा.

तिकडून विचारताहेत, मीटरवर 3200 ऐवजी 1600 असेल तर? छान विचारलंत. एका युनिटात 36 लाख वॅट-सेकंद असतात. 36 लाखाला त्या आकड्यानं भागा, मग दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये. तुमच्याकडे 20 सेकंद आले, तर 112 वॅट.