युनायटेडला घरी पाठवणारा बेनी युनायटेडचाच कोच झाला

9 मार्च 2004, ओल्ड ट्रॅफर्ड, चॅम्पियन्स लीग, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध पोर्तुगालचा पोर्टो, सेकंड लेग. नव्वदावं मिनिट, युनायटेड एक शून्यनं पुढे, आणि हा स्कोअर असाच राहिला तर दोन्ही मॅच मिळून बरोबरी, पण अवे गोलवर, म्हणजे समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल म्हणून युनायटेड पुढे आणि पोर्टो बाहेर. फ्री किक मिळते. बॉलवर उभा राहतो पोर्टोचा स्ट्रायकर, केप टाऊनचा बेनी मॅकार्थी. मारतो, कीपर टिम हॉवर्डच्या हाताला लागून बॉल समोरच पडतो आणि कोस्टिन्या धावत येऊन आत ढकलतो. मग पोर्टोचा कोच मोरिन्यो कोट उडवत टचलाईनवरून पळत सुटला, ते फुटेज तुम्ही शंभरदा बघितलं असेल, पण किक कोणाची होती हे विचारा बरं कोणाला.

बरं, पहिल्या लेगला पोर्टोचे दोन्ही गोल बेनीचेच. आणि मजा म्हणजे त्या मॅचला युनायटेडकडून गोल मारणारा क्विंटन फॉर्च्युन, तोही केप टाऊनचाच!

बेनी वाढला हॅनोव्हर पार्कमध्ये, केप फ्लॅट्सवरची वस्ती, गँगवाल्यांच्या गोळीबारासाठी बदनाम. तिथून आयॅक्स, सेल्टा विगो, पोर्टो. 1998 च्या आफ्रिका कपात नामिबियाला 13 मिनिटांत चार गोल ठोकले, त्याच वर्षी वर्ल्ड कपात डेन्मार्कविरुद्ध साऊथ आफ्रिकेचा पहिलावहिला वर्ल्ड कप गोलही याचाच, 2004 ला पोर्टोबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली, पुढे इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला पहिल्याच सीझनमध्ये लीगचे 18 गोल, त्याच्या पुढे फक्त चेल्सीचा द्रोग्बा. देशासाठी एकूण 31, तो रेकॉर्ड.

आणि मग 2010. वर्ल्ड कप घरी आलाय, अख्खा देश वुवुझेला फुंकतोय आणि कोच परेराच्या फायनल लिस्टमध्ये बेनीचं नावच नाही. फिटनेस गेलेला, वजन वाढलेलं. खरं सांगायचं तर तेव्हा त्याला घेतलं असतं तरी फार काही झालं असतं असं मला वाटत नाही, पण लागलं असणारच ना मनाला. इंग्लंडच्याच वेस्ट हॅमला तर एकही गोल नाही, करार मुदतीआधीच संपला. शेवटी साऊथ आफ्रिकेत ऑर्लँडो पायरेट्सला येऊन ट्रॉफ्या जिंकल्या आणि मग बूट टांगले.

कोच म्हणून सुरुवात बेल्जियममध्ये असिस्टंट म्हणून. मग केप टाऊन सिटी, 2017 ला एमटीएन8 या साऊथ आफ्रिकेतल्या कपची फायनल पेनल्टीवर हरला, पुढच्याच वर्षी तीच फायनल, समोर तीच टीम सुपरस्पोर्ट, परत पेनल्टी, यावेळी जिंकला. 2019 ला नोकरी गेली. नंतर तिथलीच अमाझुलू, लीगच्या टेबलात खाली रखडणारी टीम, ती थेट दुसऱ्या नंबरवर आणली, तिथूनही 2022 ला नारळ! कोचचं असंच असतं म्हणा.

आणि काही महिन्यांतच फोन येतो मँचेस्टर युनायटेडमधून. तिथला नवा कोच टेन हाग, त्याला स्ट्रायकर्सना फिनिशिंग शिकवणारा माणूस हवाय. ज्यांना घरी पाठवलं त्यांच्याच पोरांना दोन सीझन गोल मारायला शिकवलं यानं.

मार्च 2025 ला केनियाच्या नॅशनल टीमचा कोच झाला. ऑगस्टमध्ये चॅन, म्हणजे आफ्रिकेतल्या टीम्सची, पण ज्या त्या देशाच्या लीगमधल्याच प्लेयर्सची स्पर्धा, केनिया पहिल्यांदाच खेळतोय आणि तेही यजमान म्हणून. नैरोबीचं कासारानी स्टेडियम खच्चून भरलेलं, मोरोक्कोविरुद्ध एक प्लेयर रेड कार्डवर बाहेर, अख्खा सेकंड हाफ दहा जणांत काढला आणि एक शून्यनं जिंकले. तोच मोरोक्को पुढे कप घेऊन गेला. 2010 ला घरचा वर्ल्ड कप हुकलेला बेनी आता दुसऱ्याच्या घरच्या स्पर्धेत टचलाईनवर उभा होता. क्वार्टर फायनलला मादागास्कर, एक एक बरोबरी, आणि परत पेनल्टी.

हरले.