टाकी रुसली, त्याची नोंद

(दृश्य: डिसेंबरमधली पहाट. मानकापूरची एक गच्ची. उत्तरेला धुक्यात कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. खालून कुकरच्या शिट्ट्या.)

कोराडीच्या या चिमण्या नागपूरकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या. कोराडी आणि शेजारचं खापरखेडा मिळून तीन हजार मेगावॉटहून जास्त वीज तयार करू शकतात, तीही कोळशावर. राख आमच्या वाट्याला येते. 2005 नंतरची काही वर्षं विदर्भानं काढली ती मात्र लोडशेडिंगच्या अंधारात. त्या काळात कितीतरी घरांत कुणीतरी ट्रकची जुनी बॅटरी आणून पंखा चालवायची खटपट केली. काहींची खटपट तेव्हाच संपली. काहींची अजून चालू आहे, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे.

(दृश्य: गच्चीवर दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, एकीत दुसरी उपडी. वरच्या टाकीवर दोन विटा.)

ही काकूंची गच्ची. खाली त्यांच्या स्वयंपाकघरातून रोज डबे जातात. डबे परत आले की भात उरलेला असतो, पोळीचे तुकडे असतात, तांदळाची पेज असते. ते सगळं या टाकीत जातं. आतले जिवाणू ते खातात आणि गॅस सोडतात. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते. विटा दाबासाठी.

ही कल्पना पुण्याची. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे, म्हणजे इरावती कर्वे यांचे चिरंजीव, आणि त्यांची ‘आरती’ ही संस्था यांनी हे छोटं बायोगॅस संयंत्र घडवलं. शेणाऐवजी पिठूळ, गोड, उरलंसुरलं अन्न घाला. खाद्य कमी लागतं आणि गॅस लवकर मिळतो, हा त्यांचा मुद्दा. 2006 मध्ये त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. कैरोमध्ये गच्च्यांवर सौर बंब बसवणारे टी. एच. कल्हेन नावाचे एक अमेरिकन शिक्षक पुण्यात येऊन हे पाहून गेले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजार लिटरच्या चौकोनी रसायन-टाकीतून त्याचं दुसरं रूप तयार केलं आणि सगळी कृती इंटरनेटवर मोकळी ठेवली. कुणीही घ्या, करा, बदला, काय बदललं ते सांगा. काकूंच्या शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं मोबाइलवर पाहिलं ते हे दुसरं रूप. मूळ आपल्या पुण्याचं आहे, हे त्याला फार नंतर कळलं.

(दृश्य: शेगडी. काकू काडी ओढतात. निळी ज्योत.)

पहिला गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइडच फार असतो, तो सोडून द्यावा लागतो. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर त्या टाकीला बोल लावत होत्या. मग एक दिवस निळी ज्योत आली. काकू म्हणतात, ‘‘मी तर तिच्याकडे पाहतच राहिली. चहा मांडाचं भानच नाही राहिलं.’’

दीड वर्ष टाकी नीट चालली. मग ती रुसली.

(दृश्य: कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग, लिलावाचा आवाज.)

आंबिया बहराचे दिवस होते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे डोंगर होते. काकूंनी त्या महिन्यात डब्यासोबत रस द्यायला सुरुवात केली आणि घरात सालींची पोती साठली. ‘‘एवढ्या साली फेकाच्या कायले? टाकीतच टाकू म्हटलं.’’ पाच-सहा दिवसांत ज्योत पिवळी झाली, मग फुरफुरली, मग गेली. टाकीला आंबूस, बोचरा वास येऊ लागला. त्याच आठवड्यात थंडीही उतरली होती आणि रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला होता. आतल्या जिवाणूंना 35-37 अंश मानवतात, त्यामुळे थंडीनंही टाकी मंदावते.

मग दोष कुणाचा, थंडीचा की सालीचा?

इथे बहुतेक जण टाकी रिकामी करतात, धुतात, पुन्हा शेण घालतात आणि विषय संपवतात. गॅस परत येतो. पण काय चुकलं ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी गच्चीवर दुसरी काकू साली टाकते. काकूंनी तसं केलं नाही, त्याचं श्रेय एका जुन्या माणसाकडे जातं.

(दृश्य: निवृत्त शिक्षकांचं टेबल. वह्या, सोल्डरिंग, मल्टिमीटर.)

हे आमचे सर. आयटीआयमध्ये मोटार वाइंडिंग शिकवण्यात यांची हयात गेली. गच्च्यांवर प्रयोग करणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांना सरांनी एक शिस्त लावली आहे: बिघडलं तर दुरुस्तीच्या आधी लिहा. काय घातलं, किती घातलं, कधी, हवा किती गार होती. आणि ते लिहिलेलं आपल्यापुरतं ठेवू नका. आम्ही सगळे एकाच सामायिक तक्त्यात नोंदी भरतो. तो इंटरनेटवर उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही विचारावं.

काकू टाइप करत नाहीत. त्या बोलतात, पोरगा लिहितो. ‘‘काकू, साली किती होत्या?’’ ‘‘टोपलंभर.’’ ‘‘टोपलं म्हणजे किती किलो, काकू?’’ मग त्याच टोपल्यात पुन्हा साली भरून वजनकाट्यावर ठेवल्या गेल्या. टोपल्याचे किलो झाले तेव्हाच ती नोंद दुसऱ्याच्या कामाची झाली.

तीन दिवसांनी उत्तर आलं, स्पॅनिश भाषेत. मोबाइलनंच त्याचं भाषांतर केलं. तिकडच्या एका लिंबूवाल्याची टाकीही अशीच बंद पडली होती. संत्र्या-लिंबाच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं. साल चिमटली की डोळ्यात उडतं ते हेच. फळाला बुरशी-जिवाणूंपासून ते वाचवतं, आणि टाकीतल्या मिथेन करणाऱ्या जिवाणूंना तेच मारक ठरतं. ते मंदावले की आम्ल करणारे जिवाणू सुसाट सुटतात. टाकी आंबट होते आणि आणखीच बिघडते.

(दृश्य: पीएच कागद रंग बदलतो. बाजूला छापील रंगपट्टी.)

पोरानं पीएचचा, म्हणजे आंबटपणा मोजायचा, कागद आणला. निरोगी टाकीचा पीएच सातच्या आसपास असतो. काकूंची टाकी सहाच्या खाली, म्हणजे आंबट झालेली होती. खाद्य बंद केलं, थोडी चुन्याची निवळी घातली, चालत्या टाकीतली बादलीभर रबडी, म्हणजे आतलं जिवाणूंनी भरलेलं मिश्रण, आणून ओतली आणि वाट पाहिली. बरीच वाट पाहावी लागली. जिवाणूंना घाई करता येत नाही.

सावजी रस्स्याचंही असंच आहे, जाता जाता सांगतो. वरची तेलाची तर्री टाकीत गेली की फेस येतो, साय धरते. तेल टाकीला पचतं, पण चमच्यानं, पातेल्यानं नाही. ही नोंद दुसऱ्या एका गच्चीवरून आली आणि ती वाचून काकूंनी रस्सा वेगळा काढायला सुरुवात केली.

(दृश्य: मे महिना. तापलेली स्लॅब. सौर पॅनेलवर पाणी मारणारा हात, दुसरा हात त्याला थांबवतो.)

आता ऊन. आमच्याकडे मुबलक आहे ते हेच.

नागपूरच्या उन्हाळ्यात सौर पॅनेल दणकून चालत असेल असं सगळ्यांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले असतात: सूर्यप्रकाश चौरस मीटरला 1000 वॉट आणि पॅनेलचं तापमान 25 अंश. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या दिवसांत, इथली हवाच 45-46 अंशांवर असते आणि पॅनेल 65-70 पर्यंत तापतं. सर्वसाधारण सिलिकॉन पॅनेलची ताकद 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्क्यानं घटते. हिशोब करा. पॅनेल 68 अंशांवर असेल तर 43 अंश जास्त, म्हणजे 17 टक्के तूट. 330 वॉटचं पॅनेल भर दुपारी 275 च्या आसपास अडकतं. आम्ही मोजलं. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक कामी आली नाही, तिची मर्यादा तापापुरती. गॅरेजवाल्याकडून दुसरी आणली.

युरोपातल्या हौशी प्रयोगकर्त्यांच्या कृती फार बारकाईनं लिहिलेल्या असतात. त्यांच्यावर माझा जीव आहे. पण त्या थंड देशात लिहिलेल्या आहेत. पॅनेल छपराला चिकटवा म्हणतात. आम्ही फूटभर उचललं, खालून वारा खेळू दिला, तेव्हा पॅनेल थोडं निवलं. पाणी मारायचा मोह झाला, पण बोअरचं जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं आणि तापलेल्या काचेला तो झटकाही बरा नव्हे. बर्डीच्या बाजारातून लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, त्यातले 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब सेल काढायचे, तपासायचे, जोडायचे, हीही तिकडचीच कृती. तिकडे अशा जोडलेल्या सेलचा डबा शेडमध्ये ठेवतात. इथे मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये काय होतं ते आम्हाला विचारा. अशा बहुतेक सेलना 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. आमच्यातल्या एकाचा डबा फुगला. आग लागली नाही, पण लागू शकली असती. त्या रात्री सरांनी कुणाला झोपू दिलं नाही. फोटो, तापमान, वायरिंग, सगळं लिहून तक्त्यात टाकलं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं: गरम गावातल्यांनी आधी हे वाचावं.

तेव्हापासून आमची नोंद वाचणारे वाढले. राजस्थानातून प्रश्न आले, सुदानमधूनही आले. आमचं ऊन आम्हाला एवढं कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

(दृश्य: गच्चीच्या कोपऱ्यात थांबलेली लाकडी पात्यांची पवनचक्की.)

ही पवनचक्की स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांच्या कृतीवरून केली. हातानं कोरलेली पाती, घरी गुंडाळलेली कॉइल. जगभर लोकांनी ती केली आहे. काम सुंदर झालं, पण वारा नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्श्यावर येते. स्कॉटलंडचा किनारा कुठे आणि इमारतींत कोंडलेलं मानकापूर कुठे. तिचीही नोंद आहे: करू नका, निदान इथे नका.

(दृश्य: व्हिडिओचा पडदा. मोटार, पट्टा, अल्टरनेटर, पेटलेला दिवा.)

आणि मग हा व्हिडिओ. आमच्यातल्याच एका पोरानं टाकला. मोटार अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राला, फिरवते, अल्टरनेटर बॅटरी भरतो, बॅटरी मोटारीला चालवते, वर दिवाही लागतो. त्याच्या मीटरवर आत जाण्याहून बाहेर येणारी वीज जास्त. असे व्हिडिओ जगभर आहेत आणि त्यांत पैसे गमावलेली माणसंही आहेत.

सर हसले नाहीत. मला त्यांचं हे फार आवडतं. त्यांनी पोराला शेजारी बसवलं. स्वस्त मल्टिमीटर विजेच्या गुळगुळीत लाटेसाठी असतो. टोकदार, तुटक लाट आली की चुकीचा आकडा दाखवतो. चार्जिंगमधून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचं व्होल्टेजही काही वेळ फुगलेलं असतं. सर म्हणाले, ‘‘मीटर सोड, पाणी घे.’’ बाहेर येणाऱ्या विजेनं एक लिटर पाणी तापव. एक लिटर पाणी 10 अंशांनी तापायला साधारण 42 हजार ज्यूल लागतात. मग बॅटरी पूर्ववत भरायला किती लागली ते मोज. पाण्याला फसवता येत नाही.

ज्या ज्यूलच्या नावानं हे मोजतो, तोसुद्धा हौशीच होता. मँचेस्टरजवळच्या बिअर बनवणाऱ्या घरातला. 1840 च्या दशकात पडत्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून तो तापमानातला बारीकसा फरक मोजत बसायचा.

पोरानं दोन रात्री मोजलं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ हटवला नाही, खोडला नाही. त्याच्या खाली स्वतःच लिहिलं: ‘‘माझं मोजमाप चुकलं होतं. कुठे चुकलं ते पुढे दिलं आहे.’’ आमच्या तक्त्यात सगळ्यात जास्त वाचली गेलेली नोंद तीच आहे. गेल्या महिन्यात त्याला एका अनोळखी मुलानं कळवलं की घरचे अशाच यंत्रात पैसे घालणार होते, ते थांबले.

(दृश्य: पुन्हा काकूंचं स्वयंपाकघर. ओट्याखाली पाण्याचे तीन वीस लिटरचे जार, नळ्या, पाण्यात उपड्या बाटल्या.)

पुन्हा डिसेंबर आला. कळमन्याला पुन्हा संत्री आली.

थंडी की साल, हा प्रश्न काकूंनी सोडला नव्हता. लिंबूवाल्याचं उत्तर पटलं, पण ते त्याच्या गावचं होतं. म्हणून हे तीन जार. तिन्हींत एकाच टाकीची रबडी, तिन्हींना रोज सारखी पेज, तिन्ही एकाच खोलीत, म्हणजे थंडी सगळ्यांना सारखी. पहिल्यात साल नाही. दुसऱ्यात ताजी साल. तिसऱ्यात तेवढ्याच सालींतून आठ दिवस उन्हात वाळवलेली, कारण वाळताना तेल बरंचसं उडून जातं असं लिंबूवाला म्हणतो. नळीतून येणारा गॅस उपड्या बाटलीतलं पाणी खाली ढकलतो. बाटलीवर काकूंनी लग्नाच्या पत्रिकेवरची सोनेरी पट्टी कापून खुणा चिकटवल्या आहेत.

‘‘काकू, आज किती?’’

काकू चष्मा वर करतात. जमिनीवर वाकतात. बाहेर डबेवाला पोऱ्या हॉर्न वाजवतो.

‘‘थांब ना बे. दुसऱ्याचं पाहून राहिली मी. पहिल्याचं लिही आधी.’’