शिक्षा झाली, पण कैदी न्यायचा कुणी?

टेक्सासमध्ये न्यायाधीशांनी तुरुंगवासाची शिक्षा सुनावली, तरी कैदी त्याच दिवशी राज्याच्या तुरुंगात जात नाही. तो काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) जेलमध्ये, ते जेल चालवणाऱ्या शेरीफच्याच ताब्यात परततो. त्याचं जेवण, पहारा, औषधपाणी, सगळा भार काउंटीवर.

राज्याने त्याला ४५ दिवसांच्या आत न्यायला हवं, असं कायदा सांगतो. गोम अशी की हे दिवस शिक्षेच्या तारखेपासून मोजत नाहीत. बदलीची कागदपत्रं पुरी झाली, की मोजणी सुरू.

[दृश्य: टेबलावर उघडी फाइल]

हे ‘पेन पॅकेट’, म्हणजे बदलीच्या त्याच कागदपत्रांचा गठ्ठा. ठरलेल्या नमुन्यातलं निकालपत्र, आरोपपत्राची प्रत, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा) रद्द झालं असेल तर तो आदेश, पीडिताने जबाब दिला असेल तर तोही. वर राज्याची चेकलिस्ट, एकेका कागदापुढे खूण केलेली. निकालपत्रात एक रकाना नीट पाहा: जेलमध्ये आधीच काढलेले दिवस. सुटकेची तारीख त्यावरून निघते, म्हणून इथली चूक कैद्याला थेट भोवते. आवश्यक कागद नसेल, तर राज्य कैदी ताब्यात घेत नाही.

कागद पुरे झालेला कैदी म्हणजे ‘पेपर-रेडी’. असे ४८ जण अडकून पडले, तर नियमाप्रमाणे त्यांच्यामागे एक जेलर लागतो, तोही तिन्ही पाळ्यांत. छोट्या काउंटीला हे फार जड जातं.

हा वाद जुना आहे. १९८०च्या दशकात राज्याचे तुरुंग ९५ टक्क्यांवर भरले की नवे कैदी घेणं थांबायचं आणि गर्दी काउंटीच्या जेलमध्ये साचायची. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतल्या जेलबद्दलचा खटला १९७२पासून चालू होता. १९९१मध्ये त्यात केंद्रीय अपील न्यायालयाने या गर्दीसाठी राज्यालाही जबाबदार धरलं. ते रास्तच होतं. शिक्षा राज्याच्या तुरुंगाची असताना कैद्याला जमिनीवर झोपवण्याचा दोष एकट्या शेरीफचा कसा?

४५ दिवसांची मुदत राज्यावर आहे, पण त्याआधीचा वेळ काउंटीच्या हातात असतो. निकालपत्र शेरीफ तयार करत नाही, ते कोर्टातून येतं. म्हणून जेलने दर आठवड्याला दोन याद्या काढाव्यात: शिक्षा झाली पण कागद अपुरे, आणि कागद पोहोचले पण गाडी आली नाही. पहिली यादी कोर्टाच्या क्लार्ककडे द्यायची, दुसरी राज्याकडे.