हा पापलेट कुठल्या होडीचा?

(दृश्य : पुण्यातला गणेश पेठ मासळी बाजार, पहाट. बर्फ फोडल्याचा आवाज.)

टेम्पोतून क्रेट उतरतायत. बर्फाखाली पापलेट, सुरमई, बांगडा. पलीकडे आंध्रातून आलेले रहू-कतला. भाव विचारा, आडते चटकन सांगतील. पण हा पापलेट कुठल्या होडीनं, कुठल्या जाळ्यानं धरला? घाट चढण्याआधीच सगळा माल एकत्र झालेला असतो. त्यामुळे हे कोडं बंदरावरच सोडवावं लागतं.

कागदावर होडीची ओळख म्हणजे लांबी, इंजिन, परवाना. युरोपातही ताफ्याचे गट पाडतात ते होडीची लांबी आणि मुख्य जाळं पाहून. पण समुद्रातून काय उपसलं गेलं, ते जाळ्यात आलेली मासळीच सांगते. म्हणून होड्यांचे गट मासळीवरूनच पाडून बघू.

(दृश्य : बंदर, वाळत घातलेली जाळी.)

समजा, एकाच लांबीच्या दोन होड्या आहेत. पहिली डोल लावते. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभं राहणारं हे पिशवीसारखं जाळं. तिच्या वर्षभराच्या मासळीत शंभर किलोंमागे साठ किलो बोंबील, पंचवीस किलो जवळा, बाकी मांदेली, करंदी. दुसरी वावरी सोडते, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं सोडलेलं, मासा आसात अडकवणारं जाळं. तिच्या शंभरात चाळीस पापलेट, उरलेले घोळ, सुरमई, दाढा. लांबी सारखी, पण गट दोन. आणि दुप्पट मोठी तिसरी होडी जर बोंबील-जवळाच आणत असेल, तर ती पहिलीच्या गटात. म्हणून किलोंऐवजी टक्के धरायचे.

मग होड्यांच्या टक्क्यांमधला फरक काढायचा. सगळ्यांत कमी फरकाच्या होड्या आधी जोडायच्या, मग जोड्यांना जोड्या. थांबायचं कुठे, हे मात्र गणित सांगत नाही. तिथे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यात डोल लावणारी होडी पुढे जाळं बदलते का, हे त्यालाच ठाऊक.

टक्के वजनाचे धरले तर जवळा वरचढ, किमतीचे धरले तर थोडासा पापलेटही भारी, गट बदलतात. डोलीत येणारी पापलेटची पिल्लं तर दोन्ही हिशेबांत नगण्य ठरतात. २०२३ मध्ये आपण पापलेटला राज्यमासा केलं. त्या पिल्लांना वेगळा रकाना द्यायलाच हवा. आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप ठरवताना कुठल्या गटाशी बोलायचं, ते त्यातूनच कळेल.

(दृश्य : पुन्हा गणेश पेठ.)

मावशींनी बर्फ बाजूला सारून एक पापलेट हातावर ठेवला. तळहातातच मावला.

“कुठला हो, मावशी?”

“मुंबईचा.”