बेंबीला काही लावायचं नाही

कोयना खोऱ्यात रात्रभर कोसळलेला पाऊस आता उघडला आहे, आणि पाटण तालुक्यातील या वाडीकडे जाणाऱ्या लाल चिखलाच्या वाटेने, खांद्याला वजनकाट्याची पिशवी अडकवून आशाताई निघाल्या आहेत. ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचा आज ७ वा दिवस आहे. परवाच घरात पाचवी पुजली गेली.

घरात शिरल्यावर त्या बाळाकडे नव्हे, आधी मोरीकडे वळतात. बोटांच्या बेचक्यांपर्यंत साबण चोळून धुतलेले हात त्या पदराला पुसत नाहीत, वाऱ्यावर सुकू देतात. नाळेच्या निगेतील पहिले औषध हेच आहे, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे.

झबले वर होते. पोटात असताना दोन रोहिण्या आणि एका नीलेतून बाळाचे रक्त वाहणारी नाळ आता सुतळीसारखी काळी पडून वाळली आहे. तिच्या आतल्या वाहिन्या मात्र अजून पुरत्या बंद झालेल्या नसतात, त्यामुळे मुळाशी जंतू वाढले, तर ते थेट रक्तात पोहोचू शकतात. म्हणूनच लंगोटाची कड बेंबीच्या खाली दुमडलेली आहे. लघवीने नाळ भिजत नाही आणि तिला हवा लागते.

देवळीत हळद-तेलाची वाटी तयार आहे. आजींनी आपल्या सगळ्या लेकरांना हेच लावले, आणि त्यामागची माया खरीच आहे. आशाताई त्यांच्याजवळ बसतात. "आज्जी, हिला काही लावायचं नाही. वाळली की आपोआप गळंल."

नाळ बहुधा ५ ते १५ दिवसांत गळते. त्यानंतर बेंबीत ओलसर, लाल मांसाचा कोंब राहिला, तर तो डॉक्टरांना दाखवावा. त्यावर साधे उपचार आहेत. रडताना फुगणारी बेंबी बहुतेक मुलांत ४-५ वर्षांपर्यंत आपोआप बसते, तिच्यावर रुपया बांधून काही साधत नाही. बेंबीतून लघवी किंवा शी झिरपत असेल, तर जन्मापूर्वी बुजायला हवा होता तो मार्ग आत उघडा राहिलेला असतो आणि शस्त्रक्रिया लागते. भोवतालच्या कातडीवर लाली पसरली, घाण वासाचा पू आला, बाळ अंगावर पिईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर जिवावर बेततो.

बाळाची झोळी काट्याला लागते. आजी वाटी उचलून आत नेतात. आशाताईंची पुढची फेरी १४ व्या दिवशी, बारसे झाल्यावर.