पोट्टं हरवलं त्या रविवारचं गाणं

(नागपूरच्या सदर भागात नाताळच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानावरून)

नाताळची गाणी तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. त्यानंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या, म्हणजे येशू, मरिया आणि योसेफ यांच्या सणाला काय गायचं, हे मात्र शनिवारी रात्री ठरतं. उरलेलं एखादं पाळणागीत घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. चर्चचा गायकवृंद (क्वायर) बसवताना मीही हेच करत आलो.

सण तसा नवा. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये तो सुरू केला. आपला नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला, तोही त्यांच्याच काळात. कारखान्यांच्या दिवसांत कामगारांची घरं विस्कटत होती, त्याची त्यांना काळजी होती. सणासाठी लॅटिन स्तोत्रं त्यांनी स्वतः रचली. १९२१ मध्ये तो सगळ्या चर्चला लागू झाला आणि १९६९ च्या फेररचनेत नाताळनंतरच्या रविवारी आला. तारखा पुरे.

मला बोलायचंय ते एका छोट्या ग्रेगोरियन, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन एकसुरी परंपरेतल्या गाण्याबद्दल. ते सणाहून कितीतरी शतकं जुनं आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, ते शुभवर्तमान ज्या वर्षी वाचतात, त्या वर्षी हे गाणं मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) वेळी येतं. 'फीली, क्विद फेचिस्ती नोबिस सिक?' बाळा, आमच्याशी असं का वागलास? तीन दिवस शोधून थकलेली आई बोलतेय. नागपुरात ती म्हणाली असती, "कुठं गेला होता रे पोट्ट्या?" धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर भोंग्यावरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात, तेव्हा बाजूला उभ्या आईचा चेहरा आठवा. आणि पोराचं उत्तर? "मला का शोधत होता? मी माझ्या पित्याच्या घरी असायला हवं, हे ठाऊक नव्हतं का?" शुभवर्तमानकार लूक लिहितो, आईबापांना ते उत्तर कळलं नाही. गाणं तर उत्तरापाशीच संपतं. समजूत नाही, गळाभेट नाही. म्हणून ते गोड करून गायलं की फसतं.

(स्तोत्र १२८ मध्ये मेजाभोवतीची मुलं जैतुनाच्या रोपांसारखी म्हटली आहेत. आमच्या पोरांना जैतून माहीत नाही. मी सांगतो, संत्र्याची कलमं समजा.)

आता आपल्या घरातलं. त्याच १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत मराठी कवी ना. वा. टिळकांना एका सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर फुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. "आमच्याशी असं का वागलास?" हा प्रश्न त्यांनी कितीदा मनात विचारला असेल! टिळक प्रोटेस्टंट, आपण कॅथलिक, हे मला माहीत आहे. पण अभंग त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेला. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.

यंदा आधी ही लॅटिन चाल घेऊ, मग टिळकांचा एक अभंग. पहिल्या गाण्याला पेटी नको, तबलाही नको. बायकांनी आईचं वाक्य म्हणायचं, मुलांनी उत्तर. चला, उभे राहा.