एका भूजलाचे पाच वाटेकरी

[दृश्य : उन्हाळ्यातलं माळरान. शेताच्या कडेला कोरड्या पडलेल्या बोअरचा पाइप.]

रायलसीमा. आंध्र प्रदेशातला हा भाग पावसाच्या बाबतीत कायम तंगीत असतो. जमिनीखाली कठीण खडक. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात जेवढं पाणी मुरेल, तेवढ्यावर शेती. एकाने २०० फुटांवर बोअर घेतली की शेजारी ३०० फुटांवर जातो, आणि पहिल्याच्या बोअरला धाप लागते. त्यावरून भांडणं होतात. पण ज्याच्यावरून ती होतात ते पाणी कुणी पाहिलेलंच नसतं.

ते दिसावं म्हणून २०१०च्या दशकात इथल्या काही गावांत एक खेळ खेळला गेला. त्यामागे गुजरातेतल्या आणंदची फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही संस्था होती, आणि रूथ माइन्झेन-डिक आणि मार्को यान्सेन यांच्यासारखे सामूहिक साधनसंपत्तीवर वर्षानुवर्षं काम करणारे संशोधकही.

[दृश्य : जमिनीवर मांडलेले खडे. भोवती पाच जण.]

खेळ असा. पाच शेतकरी, पाचांखाली एकच भूजल. दर वर्षी प्रत्येकाने एक पीक निवडायचं : कमी पाण्याचं, कमी पैशाचं, नाहीतर जास्त पाण्याचं, जास्त पैशाचं. कुणी काय निवडलं हे शेजाऱ्याला कळत नाही.

हिशोब डोळ्यांसमोर यावा म्हणून आपण आकडे धरू. साठ्यात ५० खडे. दर पावसाळ्यात ५ नवे मुरतात. कमी पाण्याच्या पिकाला १ खडा लागतो, जास्त पाण्याच्या पिकाला ३. पाचही जणांनी जास्त पाण्याचं पीक घेतलं तर वर्षाला १५ खडे उपसले जातात, मुरतात फक्त ५. पाच वर्षांत साठा शून्यावर. पाचांनी कमी पाण्याचं पीक घेतलं तर साठा आहे तिथेच राहतो. आणि चौघांनी आवरलं, एकानेच नाही आवरलं, तर त्या एकाची कमाई सगळ्यांत जास्त आणि साठा दरवर्षी थोडाथोडा खाली.

आधीच्या फेऱ्यांत बोलायला बंदी. मग पुढच्या फेऱ्यांत बोलायला मोकळीक. सामायिक साधनांवरच्या अशा प्रयोगांत हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे : कुणावर सक्ती नसताना, दंड नसताना, नुसतं समोरासमोर बोलता आलं तरी माणसं जास्त सांभाळून वागतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या संशोधनातला हा एक पक्का धागा. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता यात संशोधन कुठे आलं?

घरोघर प्रश्नावली घेऊन गेलात आणि विचारलंत, "तुम्ही पाणी जपून वापरता का?", तर उत्तर "हो" असंच येणार. कुणी खोटं बोलतो म्हणून नव्हे. प्रश्नच तसा आहे. खेळात मात्र माणूस मत सांगत नाही, निर्णय घेतो, आणि त्या निर्णयाचा परिणाम पुढच्याच मिनिटाला त्याच्या आणि शेजाऱ्याच्या समोर येतो. दहा वर्षांचा उपसा तासाभरात बघून होतो. मला या पद्धतीचं खरं मोल इथे वाटतं : ज्याचा अभ्यास चालला आहे, त्यालाही त्याच वेळी काहीतरी उमगतं. एरवी संशोधकाची वही भरते आणि गाव होतं तिथेच राहतं.

खेळ संपल्यावर गावाची बैठक भरायची. पुढे संशोधकांनी तुलना केली. पाणी-व्यवस्थापनाचा तोच कार्यक्रम चालू असलेल्या, पण खेळ न खेळलेल्या वस्त्यांपेक्षा खेळ खेळलेल्या वस्त्यांत पाण्याची नोंदवही ठेवणं आणि उपशाचे नियम करणं हे जास्त प्रमाणात दिसलं. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. एकट्या खेळाने गाव बदललं, असा त्याचा अर्थ नाही. तिथे आधीपासून काम करणारी माणसं होती. खेळाने त्या कामाला जोर दिला.

[दृश्य : बुद्धिबळाचा पट. दोन रंगांच्या सोंगट्या.]

समाजाचा असा पट मांडण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. त्यांतला एक तरुण, जेम्स साकोडा, छावणीत राहूनच तिथल्या माणसांच्या वागण्याची टिपणं काढत होता : कोण कुणाजवळ सरकतं, कोण कुणाला टाळतं. १९४९ च्या त्याच्या प्रबंधात चौकटींच्या पटावर सरकणाऱ्या दोन गटांची मांडणी आहे. काटेरी तारांच्या आत इतक्या थंड डोक्याने बघत राहणाऱ्या या माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

नाव झालं ते अमेरिकी अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांचं. दोघांचे लेख १९७१ साली एकाच नियतकालिकात आले. शेलिंग यांचा प्रश्न असा : शेजारी आपल्यासारखे निदान एक तृतीयांश असावेत, एवढीच माफक अपेक्षा प्रत्येकाची असेल, तर वस्ती मिसळलेली राहील का? त्यांनी पटावर नाणी सरकवून बघितलं. राहत नाही. एक नाणं हललं की दुसऱ्याचा शेजार बदलतो, मग ते हलतं, आणि बघता बघता दोन रंगांचे वेगळे मोहल्ले तयार होतात.

आज हेच संगणकावर करून बघता येतं. यूरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये नेटलोगो ही प्रणाली आणली. ती फुकट मिळते. तिच्यात शेलिंग यांचा पट तयार आहे आणि बाजूला एक सरकपट्टी आहे. "मला ३० टक्के शेजारी माझ्यासारखे हवेत" इथे पट्टी ठेवा आणि सुरू करा. थांबेपर्यंत सारख्या शेजाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. आता पट्टी पार ९० वर न्या. कुणीच स्थिरावत नाही. सगळे अखंड हलत राहतात आणि वस्ती मिसळलेलीच राहते. ज्यांचा हट्ट सर्वांत मोठा, त्यांच्या पदरात काहीच नाही. हे मी इथे सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. पण पट्टी स्वतः सरकवणाऱ्या विद्यार्थ्याला जो धक्का बसतो, तो वाक्यातून बसत नाही.

[दृश्य : वर्तुळाकार मार्गावर फिरणाऱ्या गाड्या.]

शाळेत आपल्याला कारण शोधायला शिकवतात, आणि कारण म्हणजे कुणीतरी एक जबाबदार, असं मनात बसतं. कोंडी झाली म्हणजे पुढे अपघात असणार. थवा उडतो म्हणजे पुढे म्होरक्या असणार. जपानमधल्या संशोधकांनी २०० मीटरच्या थोड्या पुढच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, अपघात नाही, चालकांना एकसारख्या वेगाने चालवायला सांगितलेलं. तरी थोड्या वेळात कोंडी झाली, आणि गाड्या पुढे जात असताना ती मागे मागे सरकत राहिली. तिला कुणी एक जबाबदार नव्हताच.

वर्गातही हे अंगावर घेता येतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या व्हेनेसा कोलेला यांनी विद्यार्थ्यांच्या गळ्यात छोटे संगणकीय बिल्ले अडकवले. मुलांनी एकमेकांना भेटायचं. एका बिल्ल्यात गुपचूप विषाणू. बघता बघता बिल्ले लाल होऊ लागले. कुणी लगेच आजारी, कुणाला लागण असून दिसत नाही, कुणाला होतच नाही. हे नियम मुलांना आधी सांगितलेले नव्हते. भेटी नोंदवून, आपसात वाद घालून, पुन्हा पुन्हा खेळून त्यांनी ते शोधून काढायचे. हे काम २००० साली प्रसिद्ध झालं. पुढे वीस वर्षांनी "साखळी तोडा" हे शब्द आपण रोज ऐकले. आपल्यातल्या किती जणांनी ती साखळी शाळेत हाताने उलगडून पाहिली होती?

[दृश्य : अमेरिकी शहराचा जुना नकाशा. काही वस्त्या लाल रंगात.]

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. शेलिंग यांच्या नाण्यांना कुणी कर्ज नाकारत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सरकारी संस्थेनेच नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोकादायक. घराच्या खरेदीखतात लिहिलेलं असायचं की अमुक वंशाच्या माणसाला विकायचं नाही. हे सौम्य आवडीनिवडीचं काम नव्हे. मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून "जागा गेली" असं उत्तर मिळालेल्या माणसाला ३० टक्क्यांची पट्टी दाखवून "बघा, हे आपोआप होतं" म्हणणं अन्यायाचं आहे. पट दाखवतो ते एवढंच : माफक आवडीनेही असं होऊ शकतं. प्रत्यक्षात कशामुळे झालं, यासाठी दस्तऐवज उघडावे लागतात, माणसांशी बोलावं लागतं.

[दृश्य : महाराष्ट्रातलं गाव, पाराखाली जमलेली माणसं.]

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा. आपल्याकडेही पाणी भेगांतलंच. हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. ज्या गावांत असं काही नाही, तिथे समाजकार्याची, भूगोलाची, अर्थशास्त्राची मुलं दरवर्षी सर्वेक्षणाला जातात. त्यांनी प्रश्नावलीबरोबर ५० खडेही न्यावेत. खेळ खेळून झाला की निम्मा वेळ एकाच प्रश्नासाठी ठेवावा : "आम्ही यात काय चुकीचं धरलंय?"

गाव सांगेल. कालव्यावरून पाइपलाइन आणलेला कुठे आहे? उसाला मिळतो तसा खात्रीचा भाव भुईमुगाला कुठे आहे? रात्रीच मिळणारी वीज कुठे आहे? आणि जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, पण प्यायचं पाणी त्याच भूजलातून भरते, ती बाई या पाच जणांत कुठे बसते? तिला सहावी खेळाडू धरून पट पुन्हा मांडायचा, आणि नियम काय असावा हे या खेपेला तिला आधी विचारायचं.